एक रुपया आला, 1,32,150 गेले

फोनवरून आमच्या संस्थेची फसवणूक झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुलांचे कागद आधीच बाहेर गेलेत, त्यात आणखी भर नको. आणि लाजही वाटते, खोटं कशाला बोला! पण इंदुरात दिव्यांग मुलांसाठी डे-केअर किंवा थेरपी केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, कारण आता फोन तुम्हालाच येणार आहे.

मार्चचा शेवटचा आठवडा. निरामय, म्हणजे दिव्यांगांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, तिची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे नूतनीकरणाची धांदल. आमची 38 मुलं, त्यातली 27 एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरची) आणि 11 बीपीएल (रेषेखालची). त्यातच एक फोन आला. फोनवरचा माणूस म्हणाला, क्लेमचं सगळं काम डिजिटल होतंय, संस्थेचं ऑनबोर्डिंग, म्हणजे नोंदणी आणि खात्याची पडताळणी, 31 च्या आत झालं नाही तर मुलांचे क्लेम अडकतील. हे सगळं स्वच्छ मराठीत. "ताई, मीही इंदूरचाच, लोकमान्य नगरला मामा राहतात." सरकारी कामाच्या फोनवर इंदुरात मराठी ऐकू आलं की माणूस निम्मा तिथेच विरघळतो.

आधी त्याने मुलांची एक्सेल यादी मागितली: यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) क्रमांक, आधारची प्रत, पालकांचा मोबाइल. आम्ही दिली. खऱ्या कामात हेच कागद लागतात, म्हणून शंका आली नाही. मग नूतनीकरणाचे पैसे एका क्यूआरवर, सरसकट 250 प्रमाणे 9,500.

इथेच थांबायला हवं होतं. नूतनीकरण एपीएलला 250 आणि बीपीएलला 50, हे आम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. 27 गुणिले 250 म्हणजे 6,750, अधिक 11 गुणिले 50 म्हणजे 550, एकूण 7,300. हा हिशेब आमच्याच वहीत, आमच्याच अक्षरात लिहिलेला होता. वरच्या 2,200 चं विचारलं तर म्हणाला, "फरक क्लेम वॉलेटमध्ये परत येईल." निरामयमध्ये वॉलेट कसलं? आधी खर्च करायचा, मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची, मग पैसे पालकांच्या खात्यात. क्लेमसाठी संस्थेच्या खात्याची पडताळणी लागायचं कारणच नाही. हे आम्ही दरवर्षी नव्या पालकांना समजावतो. तरी गप्प बसलो आणि 9,500 भरले.

दुसरी खूण तर स्टेटमेंटवर छापून आली. "पेनी ड्रॉप करतो, एक रुपया येईल." आला. खातं तपासायला एक रुपया टाकण्याची पद्धत खरीच आहे, त्यामुळे तो रुपया बघून उरलासुरला संशयही गेला. पण तो यूपीआयवरून, कुणा एका माणसाच्या नावाने आला होता. पाठवणाऱ्याचं नाव वाचायला किती वेळ लागतो? रकमेपुढे कुणाची नजर गेलीच नाही.

त्यानंतर व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) आली, "क्लेम ॲप" म्हणून. ज्या फोनमध्ये खात्याशी जोडलेलं सिम, त्याच फोनमध्ये ती टाकली. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, आम्ही दिली. खात्याचा तपशील त्याच ॲपच्या फॉर्ममध्ये भरला. ओटीपी आम्ही कुणालाही सांगितला नाही, हे शंभरदा सांगून झालंय. तो ॲपच वाचून पुढे पाठवत होतं. 3:58 ला 49,000, 4:03 ला 49,000. 4:10 ला बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांकही मिळाला. आणि 4:26 ला आणखी 24,650 गेले.

म्हणजे तक्रारीनंतर सोळा मिनिटांनी! रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक स्पष्ट आहे: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेला पैसा तक्रार करेपर्यंत ग्राहकाचा तोटा, तक्रारीनंतर गेलेला बँकेचा. पहिल्या दोन रकमांवर आम्ही भांडतही नाही. पण शाखेत उत्तर काय, तर "सिस्टीमला ब्लॉक व्हायला वेळ लागतो." लेखी द्या म्हटलं तर साहेब लंचला. दुसऱ्या दिवशी साहेब ट्रेनिंगला. तिसऱ्या दिवशी चालू खात्याचं काम दुसऱ्या टेबलावर. पोलीस ठाण्यात गेलो तर "सायबरवाल्यांकडे जा", तिथे "ठाण्याचं पत्र आणा", आणि वर "मैडम, डाउनलोड तो आपने ही किया ना?" हो, केलं! म्हणून चोर सुटला का? चार खेपांनंतर एफआयआर झाला.

तुम्हाला फोन आलाच तर लक्षात ठेवा. फी स्वतःच्या वहीत मोजा, एक रुपयाचाही फरक असेल तर फोन ठेवा. साइटचा पत्ता गव्ह डॉट इनवर संपतो का ते बघा. एपीके कुणीही पाठवो, उघडू नका. खात्याला जोडलेलं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये ठेवा, त्यात ॲप शिरतच नाही. चालू खात्यावर एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, अशी सोय बँकेकडून करून घ्या. आम्ही आळस केला.

पैसे गेलेच तर आधी सिम काढा, दुसऱ्या फोनवरून 1930 (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) आणि बँक, दोन्हीकडे तक्रार करा आणि मिनिटासकट वेळ लिहून ठेवा. फोन रीसेट करू नका, पुरावा जातो. सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून ##002# डायल करा, कॉल फॉरवर्डिंग लावलं असेल तर निघेल. 1930 ची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, तो वेगळा मागा. चोराच्या खात्यात होल्ड झालेला पैसाही आपणहून परत येत नाही, अनेकदा न्यायालयात अर्ज करावा लागतो. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही.

यादी गेलेल्या 38 घरांना आम्ही स्वतः फोन केले. आधारचे बायोमेट्रिक लॉक करायला सांगितलं. दोन आयांना तोवर "तुमच्या मुलाचा क्लेम मंजूर झालाय" म्हणून फोन येऊनही गेले होते. 7,300 विश्वस्तांनी खिशातून भरले, नूतनीकरण 31 ला रात्री पूर्ण झालं.

बँकेकडे आमची मागणी फक्त 24,650 ची आहे. उद्या एकतिसावा दिवस.