तीस सिटिंगचं पॅकेज आणि अंगठ्याची हातचलाखी

खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपीच्या पॅकेजवाल्याकडे गेलं की पहिल्या दिवशी पेशंटला स्टुलावर बसवतात. पाठीला टेकू नसल्यानं माणूस आपोआप पोक काढून बसतो. मग हात बाजूनं वर घ्यायला सांगतात, पण तळवा मागे आणि अंगठा जमिनीकडे ठेवून. हात खांद्याच्या उंचीला येईपर्यंत जीव घेणारी कळ येते. दहा मिनिटं मशीन लावतात आणि पुन्हा तीच तपासणी करतात. फक्त या वेळी सूचना असते, "ताठ बसा, अंगठा छताकडे." हात थेट कानापाशी जातो. पेशंट थक्क, सोबत आलेली बायको त्याहून थक्क, आणि तीस सिटिंगचे पैसे तिथल्या तिथे आगाऊ भरले जातात. सिटिंगला ६०० धरले तरी १८ हजार होतात.

मशीननं यात काहीच केलेलं नसतं. अंगठा खाली ठेवून हात उचलला की दंडाच्या हाडाचा वरचा उंचवटा ॲक्रोमियनच्या, म्हणजे खांद्यावरच्या छपरासारख्या हाडाच्या, खाली येतो. मधल्या सुप्रास्पायनेटस या हात उचलणाऱ्या स्नायूच्या टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) आणि बर्सावर, म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या पातळ पिशवीवर, दाब पडतो. अंगठा वर केला की दंड बाहेरच्या बाजूला फिरतो, उंचवटा मागे सरकतो आणि वाट मोकळी होते. ताठ बसल्यानं पाठीचा फराही नीट फिरतो, त्यामुळे हात आणखी वर जातो. घरी स्टुलावर बसून दोन्ही प्रकारे हात उचलून पाहा. पैसे भरण्याआधी हे दोन मिनिटांचं काम कराच.

दुसरा सापळा रिपोर्टचा. "गॅप कमी झालाय, हाड वाढलंय, टेंडन फाटायला आलाय. ऑपरेशन टाळायचं तर आजच सुरू करा." एमआरआयमध्ये 'पार्शल टेअर' (टेंडनची अर्धवट फाट) किंवा 'टाइप टू ॲक्रोमियन' लिहिलेलं असलं की घाबरवणं सोपं जातं. टाइप टू हे हाडाच्या आकाराचं वर्णन आहे, आजाराचं नाव नव्हे. खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढून १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एकतृतीयांश लोकांच्या टेंडनला फाट होती, साठीच्या पुढच्यांत तर निम्म्याहून जास्त. म्हणून रिपोर्टमधली फाट हेच दुखण्याचं कारण आहे, असं नुसत्या रिपोर्टवरून कुणालाही सांगता येत नाही.

ऑपरेशनची भीती घालतात तीही पोकळ. ॲक्रोमियनचं हाड खालून घासून टेंडनला जागा करण्याची पद्धत चार्ल्स नीर यांनी १९७२ साली मांडली आणि ती जगभर रुजली. ब्रिटनमध्ये मात्र ३०० हून जास्त पेशंटवर तिची चाचणी झाली. काहींचं हाड घासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. २०१८ साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञ गटानं अशा दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस केली.

मग तीस सिटिंग कशाला? ब्रिटनमध्येच ७०० पेशंटवर झालेल्या २०२१ च्या चाचणीत एका गटाला फिजिओथेरपीच्या सहापर्यंत भेटी दिल्या, दुसऱ्याला एकच सविस्तर भेट आणि घरी करायचे व्यायाम. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच होते. त्यातल्या काहींना दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा फायदा थोडेच आठवडे टिकला. मधुमेहींची साखर त्यानं काही दिवस वाढते, हे आधी सांगितलंच पाहिजे.

खरं काम घरचं आहे. दुखऱ्या बाजूचा खांदा वर येईल असं कुशीवर झोपा. काखेत घडी केलेला टॉवेल, कोपर काटकोनात, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. कोपर न हलवता हात छताकडे फिरवा आणि तीन मोजत खाली आणा. १० ते १५ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. सोबत दाराच्या कडीला थेराबँड (ताणणारा रबरी पट्टा) बांधून कोपरं मागे ओढणं आणि भिंतीला हात टेकून उभ्यानं मारायचे दंड. दुखणं दहापैकी चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं असेल तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. निदान १२ आठवडे द्या. अनेकांचा व्यायाम तिसऱ्या आठवड्यात सुटतो, कारण तेव्हा फरक फारसा जाणवत नाही, आणि नेमकं तेव्हाच पॅकेजवाल्याचं ऐकावंसं वाटतं. तोवर दुखऱ्या कुशीवर झोपू नका आणि रोजचे डबे वरच्या फळीवरून खाली आणा.

सगळीच खांदेदुखी अशी टेंडनवर दाब येऊन होणारी नसते. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवा. दुसऱ्यानं धरूनही तो फिरत नसेल तर फ्रोझन शोल्डरची, म्हणजे सांधाच आखडल्याची, शक्यता जास्त. मधुमेहींत तो अधिक दिसतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. पडल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला, किंवा सोबत ताप वा छातीत दाटणं असेल तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पैसे द्यायचेच तर एका सिटिंगचे द्या. पावती घ्या, त्यावर उपचाराचं नाव आणि फिजिओथेरपिस्टचा नोंदणी क्रमांक लिहून मागा. आगाऊ भरून बसला असाल तर उरलेल्या सिटिंगचे पैसे लेखी मागा. नकार आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.