सामुराई सुडोकूचं पुस्तक: कोडी तगडी, छपाई कंजूष

पाच सुडोकू एकमेकांत अडकवले की सामुराई होतो. मधल्या चौकटीचे चार कोपरे बाहेरच्या चार चौकटींशी सामायिक, एकूण घरं ३६९. पण बऱ्याच संग्रहांत बाहेरची प्रत्येक चौकट एकटीच सुटून जाते. मग तो सामुराई कसला? या पुस्तकाच्या ‘कठीण’ विभागात तसं होत नाही, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

इथे बाहेरची चौकट अर्ध्यावर अडते आणि सामायिक पेटीकडे, म्हणजे कोपऱ्यातल्या तीन बाय तीन घरांकडे, वळावंच लागतं. साध्या सुडोकूत एका घरावर इतर २० घरांचं बंधन असतं, म्हणजे त्यांतला आकडा तिथे चालत नाही. सामायिक पेटीतल्या घरावर ३२ घरांचं, कारण तिथे दोन आडव्या आणि दोन उभ्या ओळी लागू होतात. कोडी रचणाऱ्याने याचा पुरेपूर फायदा उठवलाय. एका कोड्यात वरच्या डाव्या चौकटीच्या आठव्या ओळीत, सामायिक पेटीच्या बाहेर, ४ आणि ७ बसले होते. तीच ओळ पुढे मधल्या चौकटीची दुसरी ओळ होते. म्हणजे तिथे ४ आणि ७ उरलेल्या सहा घरांतच यायला हवेत. त्यातली अलीकडची तीन दुसऱ्या आकड्यांनी भरलेली. राहिली फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या सामायिक पेटीतली तीन घरं! डावीकडचे दोन आकडे पार उजवीकडच्या चौकटीत जाऊन तिथल्या त्याच ओळीच्या उरलेल्या सहा घरांतून ४ आणि ७ बाद करतात. हे दिसलं तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून नुसती बघत राहिले.

आणि अंदाजपंचे आकडा टाकायची वेळ मी सोडवलेल्या एकाही कोड्यात आली नाही. ‘अतिकठीण’ म्हणजे ‘टाका आणि बघा’ असं समजणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

आता रड. घरं एवढी बारीक की दोन शक्यता लिहिल्या की तिसरीला जागा नाही, आणि या प्रकारात बारीक आकडे लिहिल्याशिवाय पान हलत नाही. कागद पातळ; दोनदा खोडलं की मागचं कोडं दिसायला लागतं. मधली चौकट बरोबर बांधणीच्या खाचेत जाते, म्हणजे जिथे सगळा खेळ तिथेच पान दाबून धरायचं. उत्तरं शेवटी मुंगीएवढ्या आकड्यांत, तीही नुसती भरलेली. कुठून सुरुवात करायची याची एक ओळ नाही. सोपा विभाग उगाच पानं खातो.

मोबाईलवर सोडवा म्हणाल, तर २१ बाय २१चा पसारा पडद्यावर मावत नाही. मोठा केला की समोरचा कोपरा गायब, आणि नेमका तोच हवा असतो.

कोड्यांना साडेचार तारे, पुस्तकाला अडीच. एक्स-विंग (एक आकडा दोन आडव्या ओळींत त्याच दोन उभ्या ओळींत अडकणं) आणि जोड्या (दोन घरांत तेच दोन आकडे उरणं) शोधायची सवय असेल तर घ्या, आणि सरळ मधल्या पानांपासून सुरू करा. मी तर आता प्रत्येक कोड्याची मोठी झेरॉक्स काढूनच बसते.