काचेला चिकटणारा बर्ड फीडर गोव्याच्या ऑक्टोबरात

पारदर्शक ॲक्रिलिकचा, सक्शन कपांवर खिडकीला चिकटणारा फीडर घ्यावा तो एका गोष्टीसाठी: बुलबुल हातभर अंतरावर दिसतो, दुर्बीण लागत नाही. शिवाय दाणे काचेलाच असल्यामुळे पक्षी वेगात येऊन आदळत नाही. फीडर खिडकीपासून 3-4 मीटरवर टांगला तर तो धोका जास्त.

पण आपल्या हवेत तो पडतो, आणि वजनाने नव्हे. पावसाळाभर काचेवर बुरशीचा, किनाऱ्याकडे खाऱ्या हवेचाही पातळ थर बसतो. कपाखाली हवा शिरते. काच साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा. कप दोन मिनिटं कोमट पाण्यात मऊ करा, पूर्ण कोरडे करा, मधोमध दाबून लावा. 24 तास रिकामाच ठेवा. काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या जुन्या खिडकीला किंवा नक्षीदार काचेला तो धरणारच नाही.

खरी उणीव ताटलीत आहे. पाणी जायची भोकं बारीक असतात, बाजरी फुगली की बुजतात. संध्याकाळची एक गडगडाटी सर पडली की भिजल्या दाण्यांना बुरशी धरते आणि पक्षी आजारी पडतात. ड्रिलने 4 मिमीची आणखी चार भोकं पाडा, जोर न देता, ॲक्रिलिक तडकतं. सकाळी दोनच चमचे दाणे घाला, उरलेले संध्याकाळी काढा. आठवड्याला एकदा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने धुऊन, खळबळून, वाळवा.

दाण्यांना चिमण्या, मुनिया येतात. बुलबुलांना पिकली पपई किंवा केळं हवं. कुळागराजवळच्या (सुपारी-नारळाच्या बागेजवळच्या) घरांत त्यावर कुटुरगाही उतरतो. पाव आणि खारं-तळलेलं अजिबात नको. शिंजीर मधासाठी फुलांवरच येणार, खिडकीखाली जास्वंद लावा.

या दिवसांत उत्तरेतून येणारे राखी कोतवाल, पर्णवटवट्या मात्र किडे खातात. फीडर त्यांना बोलावू शकत नाही. त्यांच्यासाठी मातीची पसरट थाळी ठेवा: पाणी 3 ते 5 सेंमी, मधे एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. थाळी झुडपापासून दोनेक मीटर दूर हवी, म्हणजे मांजराला दबा धरायला जागा उरत नाही. परसातला पाचोळाही झाडून काढू नका; नवरंग पक्षी आलाच, तर त्यातलेच किडे वेचतो.