होडीतल्या बैठका: विकतची एक, घरी केलेल्या दोन

विकत घेतलेल्या घडीच्या खुर्चीची बिजागरी तुटली, तेव्हा तिचा हमीकाळ संपलेला नव्हता. तक्रार केल्यावर विक्रेत्याचे उत्तर आले की, खाऱ्या पाण्याच्या संपर्कामुळे झालेली हानी हमीत बसत नाही. होडीसाठी म्हणून विकलेली खुर्ची पाण्यापासून दूर नेमकी कुठे ठेवायची असते, अशी विचारणा मी लेखी केली. तिला आजतागायत उत्तर नाही. बिजागरी उघडून पाहिली, तर बाहेरच्या पात्यांची चकाकी शाबूत होती आणि आतली पिन मात्र मधोमध गंजाने खाल्ली गेली होती. स्टेनलेस स्टील टिकते ते पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर पुन्हा पुन्हा भरून यायला ऑक्सिजन लागतो. पिनेभोवतीच्या फटीत खारे पाणी कोंडून राहिले की ऑक्सिजन संपतो आणि क्षार तो थर फोडतात. ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादात मॉलिब्डेनम हा धातू असल्याने ते ३०४ प्रतीपेक्षा अधिक तग धरते, परंतु कोंडलेल्या पाण्यापुढे त्याचेही फारसे चालत नाही. दुसऱ्या खुर्चीवर पैसे घालण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून बैठका घरीच करायचे ठरवले, आणि पहिली अट घातली ती ही, की त्यांत एकही बिजागरी नसावी.

होडी वल्ह्यांची आहे. मध्ये वल्हवणाऱ्याची आडवी फळी आणि मागे एका माणसाची जागा. मधली फळी काढण्याचा विचार केला नाही, कारण ती दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधून धरते आणि तिच्याखालच्या पेटीतला फोम होडी पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवतो. बसण्याची खोली ४० ते ४५ सेंटिमीटर, पाठ ओळंब्यापासून १० ते १५ अंश मागे आणि बैठकीला मागच्या बाजूस सुमारे ५ अंशांचा उतार, ही मापे बहुतेकांना ठाऊक असतात. सहसा राहून जाते ते हे, की हे कोन जमिनीवर ठेवलेल्या होडीत मोजून उपयोग नाही. माणसे आणि सामान चढल्यावर होडी पाण्यात ज्या कलाने बसते, त्या कलात ५ अंशांचा उतार सहज नाहीसा होतो, नाहीतर दुप्पट होतो. म्हणून आधी टाकाऊ प्लायचा कच्चा सांगाडा करून, होडी पाण्यात सोडून आणि नेहमीचे वजन चढवूनच पाणसळ लावावी.

गादीच्या जाडीविषयीचा मोह पहिल्याच महिन्यात संपला. जाड गादीने माणूस उंच बसतो, त्यामुळे लहान होडी अधिक डुलते. शिवाय वल्ह्याचा टेकू आहे तिथेच राहतो, म्हणून वल्हे पाण्याबाहेर काढून पुढे नेताना त्याच्या मुठी मांड्यांना घासतात. विकतच्या खुर्चीची गादी तर उघड्या छिद्रांच्या, म्हणजे स्पंजासारखे पाणी शोषणाऱ्या, फोमची होती. ती वरून कोरडी दिसत असतानाही कडेला अंगठा दाबला की शिवणीच्या प्रत्येक टाक्यातून पाण्याचा एकेक थेंब ओळीने वर येत असे. बसण्याच्या पृष्ठभागावर शिवण घेणे म्हणजे सुईच्या शेकडो छिद्रांतून पाणी आत घेण्याची सोय करणे होय, आणि हे शिवणाऱ्याला कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. गादी करायचीच असेल, तर शिवण बाजूच्या पट्टीवर खाली घ्यावी, तळाला जाळी लावावी आणि आत बंद छिद्रांचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम घालावा. मधल्या फळीवर मी असा १२ मिलिमीटरचा फोम टाकला असून त्याहून अधिक जाडीची गरज भासलेली नाही.

पण खरा त्रास गादीचा नाही, बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या कोपऱ्याचा आहे, आणि याविषयी मी कितीही लिहिले तरी मला ते थोडेच वाटेल. बैठकीला मागे उतार दिला की शरीर पुढे घसरत नाही हे खरे. पण त्याच उताराने प्रत्येक तुषार, ओल्या कपड्यांतून निथळलेले प्रत्येक पाणी बरोबर माकडहाडाखाली जमा होते. विकतच्या खुर्चीत तिथे उभी कड होती, म्हणजे एक लहानसे तळेच. मी केलेल्या मागच्या बैठकीत पाठ आणि बैठक यांच्यामध्ये २० मिलिमीटरची सलग फट सोडली आहे, आणि या एका फटीने जे सुख दिले, ते बाकीच्या सगळ्या मापांनी मिळून दिलेले नाही. नुसती भोके पाडू नयेत. ती पानांनी आणि वाळूने तुंबतात.

मागच्या बैठकीवर लाकडी चौकटीत नवार विणली आहे. सुरुवातीला ती नायलॉनची होती आणि तिच्यावर मी बेहद्द खूष होतो. पावसाळी दिवसांत मत बदलले: नायलॉन पाणी शोषून सैल पडते, बसणारा खाली जातो आणि चौकटीची पुढची कड मांडीखाली रुतून पाय बधिर होतात. आता पॉलिस्टरची नवार आहे. ती ओली झाल्यावर फारशी ताणत नाही. पुढच्या कडेलाही रंध्याने आणि कानशीने चांगली जाड गोलाई दिली. या दोन बदलांनंतर, घरातल्या खुर्चीविषयी कुरकुर करणारी मंडळीसुद्धा तिथे निमूटपणे बसतात.

वल्हवणाऱ्याच्या फळीला पाठ लावली होती, ती काढून टाकली. वल्हे ओढताना शरीर मागे झुकते आणि पाठ नेमकी तेव्हाच आडवी येते. तिच्याऐवजी तळाशी पाय टेकवायला एक आडवी पट्टी, तीन अंतरांवर बसवता येईल अशी, केली. टाचांना आधार नसेल, तर प्रत्येक ओढीबरोबर माणूस फळीवरून सरकतो आणि मग खाली कितीही उत्तम फोम असला तरी कातडी सोलवटतेच. ही पट्टी उरलेल्या लाकडात झाली, म्हणजे तिला वेगळा खर्च काहीच पडला नाही.

तक्रार एकच शिल्लक आहे. चौकटीला नवार जिथे स्क्रूने आवळली आहे, तिथे वॉशरखाली ओल राहते आणि लाकूड काळे पडू लागले आहे. येत्या दुरुस्तीत स्क्रूची छिद्रे मोठी करून इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेने, भरीन आणि त्यातच नव्याने बारीक छिद्रे पाडीन, म्हणजे स्क्रूच्या वाटेने पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही.