बोगनवेलीसाठी घेतलेलं थंडीचं कव्हर
दोन हिवाळे वापरलं, मग लिहितेय. पांढऱ्या पातळ कापडाची झिपवाली पिशवी आहे, कुंडीसकट बोगनवेल आत मावते आणि हवा खेळती राहते, त्यामुळे प्लास्टिकसारखं आतून पाणी सुटून पानं कुजत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. पारा शून्याच्या जरासा खाली गेला त्या रात्री बाहेर राहिलेल्या एका फांदीचं टोक काळं पडलं, आतली पानं मात्र हिरवीगार! पण कडाक्याच्या थंडीत यावर विसंबू नका, मँडेव्हिला ही फुलवेल तर पारा १० अंशांच्या खाली जायच्या आतच घरात घ्या, आणि पाणी अगदी बेताचं, माती ओली राहिली की मुळं सडतात. झिप फारच नाजूक, दुसऱ्याच महिन्यात अडकायला लागली, आता चिमटे लावते.