धोबीतलावचं स्पाइक्सचं दुकान आणि काचेखालची यादी

लेकीला स्टीपलचेससाठी, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीसाठी, स्पाइक्स (तळाला पिना असलेले बूट) हवे होते, आमचे दोन महिने आणि एक जोडी फुकट गेली म्हणून सविस्तर लिहितेय. आधी आमच्या इकडच्या मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात गेलो, तिथल्या मुलाने स्पाइक्स म्हटल्यावर क्रिकेटचे बूट काढले, मग "हे रनिंगचेच आहेत मॅडम" म्हणून जे गळ्यात मारले ते निघाले स्प्रिंटवाल्यांचे, खालची प्लेट एवढी कडक की दोन हजार मीटर पळून पोरीच्या पोटऱ्या भरून आल्या. बदलून द्यायला साफ नकार.

मग तिच्या सरांनीच सांगितलं, सरळ धोबीतलावला जा. सीएसएमटीला उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत गेलं की खेळाच्या सामानाच्या दुकानांची रांग लागते ना, त्यातलंच एक छोटंसं, आत चार माणसं जेमतेम उभी राहतील एवढं. काउंटरवरच्या काकांनी किमतीचं नाव काढायच्या आधी विचारलं, इव्हेंट कुठला, ट्रॅक सिंथेटिक की मातीचा, आणि पाण्यात कुठल्या पायावर उतरतेस. हा शेवटचा प्रश्न ऐकून लेक माझ्याकडे बघायलाच लागली, सरांशिवाय तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. 3000 मीटरमध्ये 28 अडथळे आणि 7 वेळा पाणी, तिच्या 2000 मीटरमध्ये 18 आणि 5, त्यामुळे बूट दर फेरीला भिजणारच, म्हणून वरचं कापड जाळीचं हवं, पाणी आत शिरलं तरी पुढच्या दोन पावलांत बाहेर पडलं पाहिजे, हे काकांनी चक्क नळाखाली बूट धरून दाखवलं. मरीन लाइन्सच्या युनिव्हर्सिटी ट्रॅकसाठी 6 मिमीच्या पिना लावून दिल्या, शाळेच्या मातीच्या ग्राउंडसाठी लांब पिनांचा वेगळा सेट आणि चावी. पिना घट्ट कशा करायच्या तेही तिच्याच हातून करून घेतलं.

आता त्या यादीबद्दल. काउंटरच्या काचेखाली हाताने लिहिलेला कागद आहे, आशियाई ॲथलेटिक्स चॅम्पियनशिप कुठे कुठे झाली त्याचा, 1973 मारिकिना, फिलिपाइन्सपासून 2025 गुमी, दक्षिण कोरियापर्यंत. मी म्हटलं एशियाडच ना, तर काका म्हणाले नाही ताई, एशियाड 1951 ला दिल्लीत सुरू झालं, त्यात सगळे खेळ आणि चार वर्षांनी, ही फक्त ॲथलेटिक्सची आणि खरं तर दर दोन वर्षांनी. खरं तर म्हणायचं कारण यादीतच दिसतं, 1975 सोलनंतर एकदम 1979 टोकियो, 2002 कोलंबो आणि लगेच 2003 मनिला, आणि 2021 हांगझोऊवर रेघ, ती कोविडमुळे झालीच नाही. 1985 जकार्तापुढे लिहिलंय "उषा, 5 सोनं 1 ब्राँझ". 100, 200, 400, 400 हर्डल्स आणि 4 बाय 400 रिले, एकाच स्पर्धेत! लेकीने ते दोनदा वाचलं.

2013 पुणे बघून मला बालेवाडी आठवली, तेव्हा आम्ही खास बघायला गेलो होतो. स्पर्धा आधी चेन्नईत होती, श्रीलंकेच्या खेळाडूंना घ्यायला तामिळनाडू सरकारने नकार दिला म्हणून पुण्याला आली. आपल्याला दोनच गोल्ड, विकास गौडाची थाळी आणि मुलींची 4 बाय 400. चारच वर्षांनी भुवनेश्वरला भारत पदकतालिकेत पहिल्यांदाच सगळ्यात वर.

पण काकांचं बोट थांबतं ते स्टीपलचेसवर. 2015 वुहान, ललिता बाबर, सोनं. 2019 दोहा, अविनाश साबळे, चांदी, आणि 2025 गुमीला सोनं, 8:20.92. पुरुषांमध्ये त्याच्या आधीचं सोनं दिना रामचं, 1989 दिल्ली, म्हणजे मध्ये 36 वर्षं गेली. एक माणची, एक आष्टीचा, दोन्ही दुष्काळी तालुके, आणि इव्हेंट पाण्यात उडी मारायचा, असं काका म्हणाले तेव्हा खरंच अंगावर काटा आला. आपल्या मराठी मुलांनी हा इव्हेंट एवढा मोठा केलाय आणि मुंबईत त्याचे बूट शोधायला दोन महिने लागतात, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खटकलं ते पण सांगते. लहान साइझ स्टॉकमध्ये नसतात, आम्हाला 4 नंबरसाठी बारा दिवस थांबावं लागलं. ट्रायलला जागा नाही, बाहेर फुटपाथवरच पळून बघायचं, संध्याकाळी गर्दीत ते जमत नाही म्हणून सकाळी अकराच्या आसपास जा. बिल मागून घ्या. आम्हाला 3,400 पडले, पिना धरून. आणि सरावाला जे मोजे घालता तेच घेऊन जा, जाड मोज्यांवर माप घेतलं तर काका परत पाठवतात.