सेंट पॅट्रिक्स डेचा सोडा ब्रेड: साधा की गोड?

सेंट पॅट्रिक्स डे हा १७ मार्चचा आयरिश सण. आयर्लंडमधला पारंपरिक सोडा ब्रेड म्हणजे पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. बस्स. लोणी कापलेल्या तुकड्यावर लावायचं, पिठात नाही. तिथल्या मऊ गव्हात ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) कमी, त्यामुळे यीस्टपेक्षा सोडा त्याला मानवला आणि १९व्या शतकात हा ब्रेड घरोघरी पोचला.

अमेरिकेतल्या आयरिश कुटुंबांत १७ मार्चला होतो तो बहुधा गोड: साखर, लोणी, अंडी, बेदाणे, कॅरवेचे (जिऱ्यासारखा एक मसाला) दाणे. चहाबरोबर छान लागतो आणि साध्यापेक्षा जास्त टिकतो.

सणाच्या जेवणात स्ट्यू (मंद आचेवर शिजवलेला मटण-भाज्यांचा रस्सा) असेल तर मात्र मी साधाच निवडेन. गोडव्यापुढे रश्श्याची चव हरवते. ४५० ग्रॅम मैद्याला एक सपाट छोटा चमचा सोडा, तेवढंच मीठ, साधारण ३५० मिली दाट, आंबट ताक. आपलं जेवणातलं पातळ ताक नको. थोडंसं पाणी घालून घुसळलेलं दही चालेल. ताक पडताच त्यातलं आम्ल आणि सोडा मिळून वायू तयार व्हायला लागतो, म्हणून मळत बसू नका. हलक्या हाताने गोळा करा, वर खोल फुली मारा आणि लगेच ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर ४०-४५ मिनिटं भाजा. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. तो त्याच दिवशी संपवावा.